मंदावलेल्या संगणकाची नाडीपरीक्षा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आम्हांकडे आला व मान खालीं घालून म्हणाला, "सर, प्रकल्प सोमवारीं दिला तर चालेल का? घरचा संगणक चालूच होत नाहीं." चालू होत नाहीं म्हणजे काय, असें विचारतां कळलें कीं, चालू होतो, परंतु बटण दाबल्यावर आई चहा करून आणते, तो पिऊन होतो, तरी पडद्यावरचें वर्तुळ आपलें फिरतच असतें! वडिलांनीं संगणक एका दुकानदारास दाखविला होता. त्यानें यंत्र न उघडतांच निकाल दिला, "हा आतां जुना झाला, नवा घ्या." नव्याची किंमत चाळीस हजारांच्या घरांत. थोरल्या मुलीच्या महाविद्यालयाच्या फीसाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांस हात लावावा किंवा कसें, याचा विचार त्या घरीं चालला होता.

आम्हीं मुलास सांगितलें, "रविवारपर्यंत कांहीं खरेदी करूं नका, असें बाबांस सांग. आम्ही येऊन पाहतों." त्या रविवारीं व पुढील आठवड्यांत जें घडलें, तें येथें सविस्तर देण्याचा विचार आहे, कारण असा एकेक संगणक आज पुष्कळ घरांत धूळ खात पडलेला आढळतो.

प्रथम एका गैरसमजाचें निराकरण केलें पाहिजे. बैल म्हातारा झाला म्हणजे त्याचें पाऊल मंदावतें. तद्वत् संगणकही वयानें मंदावतो, अशी लोकांची समजूत असते. ती बहुतांशीं चुकीची आहे. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो २०१६ सालीं सेकंदास तीन अब्ज ठोके देत असेल, तर आजही तितकेच देतो. मग मंदपणा येतो कोठून? एक तर मध्यंतरीं त्याच्यावरील कामाचा बोजा वाढलेला असतो, अथवा तो काम करीत नसून कोणाची तरी वाट पाहत उभा असतो. मंद संगणक हा बहुधा खोळंबलेला संगणक असतो. कोणासाठीं खोळंबला आहे एवढें शोधून काढलें, कीं अर्धी चिकित्सा झाली.

हा खोळंबा केवढा असतो, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडूं. एक कारकून मेजाशीं बसला आहे असें समजा. कारकून म्हणजे प्रोसेसर; मेज म्हणजे रॅम नांवाची तात्पुरती स्मृति; आणि दूरच्या खोलींतील कपाट म्हणजे हार्ड डिस्क, जेथें सारे कागद कायमचे ठेवलेले असतात. कपाटांतील कागद मेजावर आल्यावांचून कारकुनास त्याचें कांहीं करतां येत नाहीं. हार्ड डिस्कमध्यें चकचकीत तबकड्या फिरत असतात. साध्या घरगुती यंत्रांत त्या मिनिटास ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदास १२०. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ सहस्रांश सेकंद लागतात. तें टोंक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारें ९. एकंदर १३ सहस्रांश सेकंद. हें कांहींच नव्हे, असें वाटेल. परंतु तेवढ्या अवकाशांत तीन अब्ज ठोक्यांचा प्रोसेसर ३ कोटी ९० लक्ष ठोके देतो. आतां त्याच्या एका ठोक्यास आपल्या कारकुनाचा एक सेकंद समजूं या. मेजावरचा, म्हणजे रॅममधील, कागद हातीं येण्यास त्याला सुमारें पांच मिनिटें लागतात. कपाटांतील कागद मागविला, तर तो येण्यास सव्वा वर्ष लागतें! बिचारा सव्वा वर्ष हातावर हात ठेवून बसतो, आणि आपण म्हणतों कीं, संगणक म्हातारा झाला.

अलीकडे हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी नांवाची डिस्क मिळते. तिच्यांत फिरणारें असें कांहींच नाहीं. जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. तिच्याच पुढील पिढ्या या डिस्कमध्यें असतात. तिच्यांतील कागद साधारणतः एका सेकंदाच्या दहासहस्रांश भागांत हातीं येतो, म्हणजे आमच्या कारकुनाच्या मापानें साडेतीन दिवसांत. कोठें सव्वा वर्ष आणि कोठें साडेतीन दिवस! ही तुलना वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मेज लहान असल्यास काय होतें, तेंही सांगितलें पाहिजे. मेजावर जागा उरली नाहीं म्हणजे संगणक कांहीं कागद तात्पुरते कपाटांत परत ठेवतो व लागतील तेव्हां पुन्हां आणवितो. ही युक्ति जुनी आहे. इंग्लंडांतील मँचेस्टर येथें १९६२ सालीं कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस संगणकांत ती प्रथम यशस्वीपणें योजिली गेली. युक्ति उत्तम, पण कागद फार व मेज अगदीं लहान असलें, तर कारकुनाचा सारा दिवस नेण्या-आणण्यांतच जातो. १९६८ सालीं पीटर डेनिंग या संशोधकानें या दुरवस्थेची कारणें व तिच्यावरील उपाय यांचें विवेचन केलें. घरांतील संगणकावर एकाच वेळीं वीस पानें उघडून ठेवणारे विद्यार्थी नेमकी हीच अवस्था ओढवून घेतात. ओघांत आलें म्हणून सांगतों: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शास्त्रज्ञांनीं स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं पूर्णपणें कामास लागला. त्याचें मेज ४० बिटांच्या २,०४८ शब्दांचें होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकाची स्मृति चार जीबी, म्हणजे त्याच्या चार लक्ष पटींहून अधिक. आणि तरी ती अपुरी पडत होती. टिफ्रॅकवर गणित करणाऱ्यांनीं आमच्याकडे पाहून काय म्हटलें असतें कोण जाणे!

असो. रविवारीं आम्ही त्या घरीं गेलों. संगणक स्वयंपाकघराच्या दाराशीं, भिंतीस टेंकून ठेवलेला. प्रथम घड्याळ काढून वेळ मोजली. बटण दाबल्यापासून लिहिण्याजोगी अवस्था येईपर्यंत ७ मिनिटें १० सेकंद लागले. उपचारापूर्वीं मोजणें अत्यंत आवश्यक आहे. न मोजतां केलेल्या उपचाराचा गुण आला कीं नाहीं, हें केवळ भासावर ठरतें. मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबलीं. विंडोजमध्यें तसें केलें असतां टास्क मॅनेजर उघडतो. यालाच आम्ही नाडी म्हणतों. त्यांत प्रोसेसर, स्मृति व डिस्क या तिहींवर किती भार आहे, तें शेंकड्यांत दिसतें. प्रोसेसर शेंकडा ९. स्मृति शेंकडा ९१. डिस्क शेंकडा १००. मुलाचे वडील शेजारीं उभे होते. आम्हीं त्यांस म्हटलें, "पाहा, मेंदू बसून आहे, कपाटाच्या दाराशीं मात्र रांग लागली आहे." त्यांनीं विचारलें, "म्हणजे दुकानदार म्हणाला तें खोटें?" खोटें म्हणण्यापेक्षां, तपासल्याविना म्हटलेलें, असें आम्हीं उत्तर दिलें.

ज्यांस पैसा लागत नाहीं, ते उपाय प्रथम केले. त्या घरीं संगणक रोज रात्रीं बंद करीत, पण रिस्टार्ट कधींच करीत नसत. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलें, तरी संगणक आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवतो व सकाळीं तीच पुन्हां उचलतो. म्हणून कालचा गोंधळ आजही राहूं शकतो. रिस्टार्ट केल्यानें पाटी खरोखर पुसली जाते. मग टास्क मॅनेजरमध्येंच संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी पाहिली. सतरा निघाले! छपाईयंत्राचा एक, कधींकाळीं वापरलेल्या मोबाईलचा एक, गाणीं ऐकण्याचे दोन, खेळांचे तीन. सकाळीं दार उघडतांच सतरा पाहुण्यांनीं एकदम चहा मागावा तसा प्रकार. आम्हीं चौदांस तेथून रजा दिली. प्रोग्राम त्यामुळें नाहींसे होत नाहींत. बोलावल्याशिवाय येत नाहींत, इतकेंच.

विषाणूंपासून रक्षण करणारे प्रोग्रामही दोन होते. दोन पहारेकरी एकमेकांचे खिसे तपासूं लागले म्हणजे जें होतें, तेंच येथें होत होतें. विंडोजबरोबर येणारा एक पहारेकरी घरगुती कामास पुरतो; दुसरा काढून टाकला. परंतु आम्हांस खरी चीड आली ती आणखी दोन प्रोग्रामांची. संगणक वेगवान करून देतों, अशा जाहिरातीस भुलून मुलानें ते फुकट उतरवून घेतले होते. ते स्वतःच पहाटेच्या कोंबड्यासारखे आधीं उठत, सारी डिस्क धुंडाळीत, व शेंकडों 'दोष' सांपडल्याचें सांगून ते काढण्यासाठीं पैसे मागत. असले प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्रीची, म्हणजे मुख्य नोंदवहीची, सफाई करूं म्हणतात. त्या सफाईस खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाहीं. विद्यार्थ्यांनीं यांपासून दूर राहावें. 'प्रीफेच' नांवाच्या कप्प्यांतील फाइली पुसाव्या, हा सल्लाही असाच घातक. त्या प्रोग्राम लवकर उघडावे म्हणूनच ठेवलेल्या असतात; पुसल्यास पुढील आरंभ उलट अधिक सावकाश होतो.

नंतर वीज तोडून, वायरी काढून पेटी उघडली. प्रोसेसरवरील पंखा पिठासारख्या धुळीनें व स्वयंपाकाच्या तेलकट वाफेनें माखलेला होता. प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वतःस जपण्यासाठीं आपले ठोके कमी करितो. तेव्हां धूळ हेंही मंदपणाचें एक खरें कारण आहे. मऊ कुंचल्यानें ती काढली. हवेच्या झोतानें काढावयाची असल्यास पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर तो वेड्यासारखा गरगर फिरून बिघडतो. संगणकाची जागाही बदलविली. विद्यार्थ्याच्या आईनें, "मी पहिल्यापासून सांगत होतें," असें म्हटलें, त्यावर वडील कांहीं बोलले नाहींत.

पुन्हां वेळ मोजली: ४ मिनिटें ३५ सेकंद. सुधारणा झाली खरी. परंतु डिस्क अजून शेंकडा १०० च. अशा वेळीं कित्येक जण 'डीफ्रॅग' करावयास सांगतात, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइलींचे तुकडे सलग लावून घ्यावयाचे. फिरत्या तबकडीस त्याचा थोडाबहुत उपयोग होतो, व विंडोज तें काम अधूनमधून आपण होऊन करितो. एसएसडीस त्याची गरज नाहीं. आम्ही त्या बटणापर्यंत गेलोंही होतों. तोंच पेटींतून एक बारीक आवाज आला: टक्, टक्, टक्. थोडा विसावा, पुन्हां टक्, टक्. आमचा हात जागच्या जागीं थांबला.

हार्ड डिस्कचा हा आवाज ज्यानें एकदां ऐकला आहे, तो विसरत नाहीं. तबकडीवरील मजकूर नीट वाचतां येईना, म्हणजे डिस्क तोच भाग पुनःपुन्हां वाचूं पाहते. सारा संगणक तितका वेळ खोळंबतो. डिस्कच्या पोटांतच तिच्या प्रकृतीची नोंद ठेवण्याची सोय असते. तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचण्याचे फुकट प्रोग्राम मिळतात. नादुरुस्त म्हणून वगळलेल्या विभागांचा आंकडा तेथें शून्य असावा. येथें तो शेंकड्यांत होता. आम्हीं विचारलें, "या संगणकांत असें काय आहे, कीं जें दुसरीकडे कोठेंच नाहीं?"

कोणी कांहीं बोलेना. मग आई हळूच म्हणाली, "सासूबाईंच्या ओव्या आहेत." आजीबाई तीन वर्षांपूर्वीं वारल्या. त्यांनीं जात्यावर म्हटलेल्या ओव्या थोरल्या मुलीनें मोबाईलवर मुद्रित करून या संगणकांत ठेवल्या होत्या. मोबाईल पुढें विकला गेला. एकंदर सत्तेचाळीस ओव्या. दुसरी प्रत नव्हती.

आम्हीं सारे उपचार तेथेंच थांबविले. डिस्क आजारी असल्याचा संशय येतांच वेगाचा विचार सोडून द्यावा व प्रथम प्रत काढावी. डीफ्रॅग तर मुळींच करूं नये. त्यांत हजारों फाइलींची उचलठेव होते, आणि मरणोन्मुख डिस्कला तेवढें श्रम पुरे होतात. आम्हीं आपली बाहेरून जोडावयाची डिस्क मागवून घेतली व सर्वांत मोलाचें तें सर्वांत आधीं, या क्रमानें प्रती काढावयास लागलों. ओव्या, मग छायाचित्रें, मग मुलांचीं प्रमाणपत्रें. दुपारीं बारास आरंभ केला तो रात्रीं साडेनऊला संपला. मध्यें एका फाइलीवर संगणक चाळीस मिनिटें अडला, तेव्हां ती सोडून पुढें गेलों व शेवटीं पुन्हां तिच्याकडे वळलों. सत्तेचाळीसांपैकीं शेहेचाळीस ओव्या सुटल्या. एक वाचतां आली नाहीं ती नाहींच. तीन दिवसांनीं पुन्हां प्रयत्न करावा म्हणून डिस्क जोडली, तों संगणकास ती दिसेनाशी झाली होती. दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणें जुना संगणक मोडीत गेला असता, किंवा आमच्या हातून तें बटण दाबलें गेलें असतें, तर काय झालें असतें, याचा विचार आम्हांस अद्याप अस्वस्थ करितो.

राहिलें तें सोपें होतें. एसएसडी आणली आणि चार जीबी रॅम वाढविली. दोहोंचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या सुमारें दशांशाइतका आला. रॅम घेतांना आपल्या यंत्रास डीडीआर-३ लागते कीं डीडीआर-४, तें पाहून घ्यावें. एकीची खांच दुसरीस बसत नाहीं. कांहीं लॅपटॉपांत ती कायमची जडविलेली असल्यामुळें वाढवितांच येत नाहीं. दोहोंपैकीं एकच घेणें शक्य असेल व डिस्क फिरती असेल, तर आमचें मत आधीं एसएसडी घ्यावी असें आहे. सव्वा वर्ष व साडेतीन दिवस हा हिशेब वर दिलाच आहे.

आणखी एक अडचण होती. त्या संगणकावर विंडोज १० होता. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं संपला. आणि विंडोज ११ ज्या प्रोसेसरांस मानतो, त्यांच्या यादींत २०१६ चा तो प्रोसेसर बसत नव्हता. यंत्र वेगवान झालें, पण त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येणें थांबलें, तर घराचें दार उघडें राहिल्यासारखेंच होय. म्हणून नव्या डिस्कवर आम्हीं लिनक्स मिंट बसविला. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या लिनक्सचाच हा एक प्रकार असून तो विनामूल्य मिळतो. लिहिणें, हिशेब मांडणें, इंटरनेट पाहणें, मराठी टंकणें हें सारें त्यावर होतें. मात्र ज्यांच्या कामास विंडोजवरच चालणारा एखादा विशिष्ट प्रोग्राम लागतो, त्यांनीं हा मार्ग पूर्ण चौकशीनंतरच धरावा. सर्व आटोपल्यावर वेळ मोजली: ३१ सेकंद. याचें सारें श्रेय डिस्कला देणें न्याय्य नव्हे, कांहीं श्रेय लिनक्सच्या हलकेपणाचेंही आहे. पण आमच्या प्रयोगशाळेंतील तशाच एका यंत्रांत विंडोज कायम ठेवून केवळ डिस्क बदलली असतां तेंही ४० सेकंदांत तयार होऊं लागलें.

प्रत्येक जुनें यंत्र असें वांचतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दोन जीबी स्मृति कायमची जडविलेली, वाढविण्यास जागा नाहीं, किंवा मूळचा प्रोसेसरच अगदीं दुबळा, व टास्क मॅनेजरमध्यें तो साध्या कामासही शेंकडा १०० वर चढून बसलेला, अशा यंत्रावर पैसा घालणें व्यर्थ होय. पालकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं ते तीन आंकडे कागदावर टिपून न्यावे, व दुरुस्ती अथवा नवी खरेदी सुचविणारास, यांपैकीं कोणता भाग खोळंबतो आहे, एवढेंच विचारावें.

प्रकल्प सोमवारीं आला नाहीं. त्याच्या पुढच्या सोमवारीं आला. ओव्यांच्या प्रती आतां तीन ठिकाणीं आहेत: संगणकांत, बाहेरच्या डिस्कवर, आणि पुण्यास आत्याबाईंच्या घरीं. निकामी झालेली जुनी डिस्क वडिलांनीं शाळेस दिली. ती आम्हीं वर्गांत उघडून दाखविली. एकदां अशी उघडली म्हणजे ती पुन्हां उपयोगाची राहत नाहीं, म्हणून घरीं कोणी तसें करूं नये. तबकडी आरशासारखी लख्ख आहे. कडेपासून बोटभर आंत मात्र एक केसाएवढी बारीक रेघ वर्तुळाकार उमटली आहे. वाचणारें टोंक तबकडीस घांसून गेलें, त्याची ती खूण. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कपाटांत, वरच्या कप्प्यांत ती ठेवली आहे. पाहावयाची असल्यास मधल्या सुटींत यावें.